बुगडीसाठी टोचलेला कान: एक प्रकरण

22 वर्षांची मुलगी. शिक्षणासाठी सांगलीत, घर तासगाव तालुक्यात. उजव्या कानाची वरची कड तीन दिवसांपासून लाल, सुजलेली, ठणकणारी. भावाचे लग्न नुकतेच उरकले होते. हातावरची मेंदी अजून गडद होती, कानामागच्या घडीत हळदीचा पिवळा थर बसलेला होता आणि त्या सुजेत आजीची सोन्याची बुगडी अर्धी रुतलेली होती. बरोबर आई आणि आजी आल्या होत्या. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरला असे कान लग्नसराईत दर वर्षी दिसतात. हेच प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण म्हणजे सूज उतरवणे हा त्यातला छोटा भाग होता. टोचल्यावर किती महिने थांबायचे, काय लावायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याबद्दल घरातल्या तीन पिढ्यांची तीन मते होती. तिघींच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्यही होते. त्यातले खरे किती, हे दोन वर्षांत त्याच एका कानावर तपासून पाहायला मिळाले.

आधी काय घडले होते ते. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर कानातल्यांच्या दुकानात जाऊन तिने वरची कड गनने टोचून घेतली. स्टड दुकानातलाच. दिवसातून दोनदा स्पिरिट लावा आणि स्टड फिरवत राहा, असे सांगितले गेले. घरी आल्यावर आजीने खोबरेल तेलात हळद कालवून लावायला सुरुवात केली. पहिले दोन आठवडे दुखले, मग दुखणे थांबले. सहाव्या आठवड्यात छिद्र बाहेरून स्वच्छ दिसत होते. मार्गशीर्षातला मुहूर्त तोंडावर आलेला. हळदीच्या सकाळी स्टड काढून बुगडी घातली. बुगडीची दांडी स्टडपेक्षा जाड होती, ती जाईना, म्हणून तेल लावून जोर करून बसवली. थोडे रक्त आले. फिरकी घट्ट आवळली, कारण दागिना जुना आणि पडला तर काय ही धास्ती. त्यानंतर हळद, नाहण, अंबाडा, गजरा, दोन रात्रीची जागरणे आणि उरलेली झोप त्याच कुशीवर. लग्नाच्या दुपारपासून कान तापला. घरात होत्या त्या अँटिबायोटिक कॅप्सूल दोन दिवस घेऊन झाल्या, फरक पडला नाही.

तपासताना मी सर्वात आधी कानाची पाळी पाहिली. ती अगदी नेहमीसारखी होती: मऊ, थंड, न दुखणारी. वरचा सगळा भाग मात्र लालबुंद आणि गरम होता, कानाच्या घड्या सुजेने पुसट झालेल्या, बोट टेकवताच ती दचकून मागे सरकत होती. हा फरक फार बोलका असतो. पाळीत कूर्चा नसते, नुसती त्वचा आणि चरबी असते. वरच्या कानाला आकार देणारी कूर्चा, म्हणजे आपण ज्याला कानाचे मऊ हाड म्हणतो ती, पाळीपर्यंत पोचत नाही. म्हणून पाळी सोडून बाकीचा कान सुजला असेल तर दुखणे त्वचेपुरते नाही, ते कूर्चेच्या आवरणापर्यंत गेले आहे असे धरून चालावे लागते. त्याला पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतात. दागिन्यातल्या निकेलची ॲलर्जी असती तर खाज जास्त असती, बारीक पुरळ आणि पाझर असता, कान असा ठणकला नसता. दोन्ही कान टोचल्याशिवायच सुजले असते तर मी वेगळ्याच आजाराचा विचार केला असता. इथे शंकेला फारशी जागा नव्हती.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटून बसलेले पातळ आवरण तिला पोसते. त्यातूनच झिरपत अन्न आणि प्राणवायू आत पोचतो. पू किंवा रक्त साचून हे आवरण कूर्चेपासून सुटले की खालची कूर्चा उपाशी पडते. पू असेल तर ती विरघळायलाही लागते आणि एकदा गेलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी उगवत नाही. मी हे आईला समजावत होते, पण पटले ते आजींना. त्यांचे थोरले भाऊ पैलवान होते. "त्येंचा कान असाच मोडलेला हुता, गोळा झालेला," त्या म्हणाल्या. बरोबर तेच. आपल्याकडच्या तालमीतल्या मुलांचे कान घासून, दाबून आवरणाखाली रक्त साचते, वेळेवर काढले नाही तर तिथे वेडावाकडा घट्ट गठ्ठा तयार होतो. नातीच्या कानात रक्ताऐवजी पू साचू पाहत होता, आणि पू जास्त घाईने काम करतो. "मग काडा की ती बुगडी," असे आजी स्वतःच म्हणाल्या. मुलगी मात्र रडली, कारण छिद्र बुजणार हे तिला कळत होते.

बुगडी काढायची की ठेवायची, हा प्रश्न नेहमी सोपा नसतो. छिद्राभोवती किरकोळ पाझर असेल तर दागिना घाईने काढू नये. छिद्राचे तोंड मिटते आणि घाण आत अडकते. इथे फिरकीची चकती त्वचेत रुतली होती, आणि जे आवरण वाचवायचे त्यावरच ती दाब देत होती. भूल देऊन ती काढली. छिद्रातून आलेल्या पाण्याचा नमुना कल्चरला, म्हणजे कोणता जिवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाला दबतो या तपासणीला, पाठवला. सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारली, म्हणजे दुसऱ्या दिवशी सूज पुढे सरकली की मागे हटली हे अंदाजावर राहत नाही.

औषध निवडताना कल्चरची वाट पाहिली नाही. टोचलेल्या कूर्चेच्या संसर्गात सर्वात आधी संशय घ्यायचा तो स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचा, आणि घरात पडून असलेल्या नेहमीच्या अमॉक्सिसिलिनसारख्या कॅप्सूलना तो दाद देत नाही. दोन दिवस कॅप्सूल घेऊनही कान का उतरला नाही, त्याचे उत्तर इथे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केले. डोस मुद्दाम लिहीत नाही. हे औषध वय, गरोदरपण, इतर आजार आणि चालू गोळ्या पाहूनच द्यावे लागते. दुसऱ्या दिवशी सूज रेघेवरच उभी होती. गोळी कशाबरोबर घेतलीस, असे विचारल्यावर कळले की "गोळी उष्ण पडू नये" म्हणून आई ती ग्लासभर दुधाबरोबर देत होती आणि सोबत कॅल्शियमची गोळीही चालू होती. दूध, कॅल्शियम, लोह, पित्ताची औषधे यांच्याबरोबर हे औषध आतड्यात बांधले जाते आणि रक्तात पुरेसे पोचतच नाही. वेळा बदलल्या.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा अहवाल आला: स्युडोमोनासच, आणि याच औषधाला दबणारा. चौथ्या दिवशी वरच्या कडेला एक मऊ जागा लागली. छोटा छेद घेऊन पू काढला, पोकळी पुन्हा भरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पट्टीचे बोळे टाक्याने दाबून बसवले. त्यानंतर कान उतरत गेला. औषध दोन आठवडे चालले. कानाच्या कडेला एक बारीकसा खड्डा राहिला, तो कायमचा.

जिवाणू आला कुठून, हे या प्रकरणात सिद्ध करता येणार नाही. तो ओलाव्यात राहतो: नळाचे तोंड, टाकी, सिंक, अर्धी वापरलेली बाटली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 2000 साली एकाच ठिकाणी वरचा कान टोचून घेतलेल्यांमध्ये याच जिवाणूची साथ निघाली होती. तपासात तो जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीत आणि जवळच्या सिंकमध्ये सापडला. ज्या बाटलीवर विसंबायचे तीच दूषित. या मुलीच्या बाबतीत टोचणे सहा आठवडे मागे पडले होते; पण हळदीच्या दिवशी जाड दांडी घुसवून आतली जखम पुन्हा उघडली आणि लगेच तिच्यावर नाहणाचे पाणी गेले. माझा संशय त्या दिवसावर आहे.

"पण बरं झालं होतं की मॅडम, दिसत होतं," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सगळे प्रकरण या एका वाक्याभोवती फिरते. छिद्र बाहेरून आत बरे होते. पुढच्या आणि मागच्या तोंडाशी नवी त्वचा आधी तयार होते आणि तिथून मधल्या भागाकडे सरकत जाते. पाळीत हे काम साधारण 6 ते 8 आठवड्यांत उरकते. कूर्चेत रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे 6 ते 12 महिने लागतात. सहाव्या आठवड्यात दिसतात ती फक्त दोन तोंडे. मधली वाट तेव्हा कच्चीच असते. स्टड फिरवत राहण्याचा सल्ला म्हणूनच वाईट. फिरवण्याने नवी त्वचा रोज सोलली जाते आणि तोंडाशी वाळलेली खपली आत ओढली जाते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर या कोवळ्या पेशीही मारतात.

आजींचे म्हणणे असे होते: "आमच्या येळंला सोनारानं तार घातली, हळद-तेल लावलं, काय सुदिक झालं न्हाई." मी हे उडवून लावले नाही, आणि लावूही नये. सोनाराची तार बारीक आणि टोकदार असते, ती ऊती कापत जाते. गनमधला स्टड तुलनेने बोथट. तो स्प्रिंगच्या जोराने घुसतो आणि कूर्चा चेचतो. तारेचा वळसा सैल असतो, सूज आली तरी जागा मिळते. गनचा स्टड आखूड आणि मागचा चाप घट्ट, त्यात घाण साठते ती वेगळीच. शिवाय प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करता येत नाही. आणि सर्वात मोठी गोष्ट, त्या काळी घातलेली तार कोणी सहा आठवड्यांत बदलत नसे. मात्र तीच तार आणि तोच हात एका कानावरून दुसऱ्या कानावर जात असे, आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका तेव्हाही होता, दिसत नव्हता इतकेच. ज्यांचे कान बिघडले त्यांची आठवणही कोणी सांगत नाही.

हळदीचा विषय सांगलीत काढणे अवघड. इथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बाजार समितीत तिचे सौदे होतात, घरात ती जखमेवर पहिली जाते. माझा आक्षेप हळदीच्या गुणांवर नाही. तेलात कालवलेली पूड अरुंद छिद्राच्या तोंडाशी लेप होऊन बसते, पाझर आत कोंडतो, आणि डब्यातली पूड निर्जंतुक नसते. कडुलिंबाच्या काडीचेही तेच. पाळीत ती अनेकदा निभावते, कूर्चेत निभावेलच असे नाही. आजींनी हे ऐकून घेतले, मान्य केले असे म्हणणार नाही. नंतर त्यांनी हळद लावली नाही, माझ्यासाठी तेवढे पुरेसे होते.

पुढचे वर्षभर मी दुसरे छिद्र करू दिले नाही. पुढच्या दिवाळीनंतर कान शांत, व्रण फिका, तेव्हा तिने पुन्हा विचारले. नको म्हणणे मला सोपे होते. पण मुलगी कुठे ना कुठे टोचून घेणारच होती, मग ते नीट व्हावे. तिने पुण्यात जाऊन पोकळ, एकदाच वापरायच्या सुईने टोचून घेतले. जुन्या व्रणातून नाही, त्याच्यापासून थोडे पुढे. दागिना म्हणजे एएसटीएम एफ136 दर्जाच्या, शरीरात बसवायला चालणाऱ्या टायटॅनियमची गुळगुळीत काडी, मागून सपाट, सुजेला जागा म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब.

घरी करायचे ते मी एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. चिठ्ठी छोटी होती, कारण करायचे थोडेच असते. मेडिकलमध्ये मिळणारे 0.9 टक्के निर्जंतुक सलाईन, 10 मिलिलिटरच्या छोट्या अँप्युलमधले, म्हणजे उघडलेली बाटली आठवडाभर पडून राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, हात साबणाने धुऊन पुढून आणि मागून ते सोडायचे, भिजून सुटलेली खपली स्वच्छ गॉजने टिपायची, न सुटलेली तशीच ठेवायची. कापूस नको, त्याचे तंतू काडीभोवती गुंडाळतात. घरी मीठ कालवून पाणी करायचा मोह होतो, पण 0.9 टक्के म्हणजे लिटरला 9 ग्रॅम, आणि चमच्याच्या अंदाजाने ते जवळजवळ नेहमीच तीव्र होते, त्वचा कोरडी पडून तडकते. नाकात घालायचे खारट थेंबही चालत नाहीत, त्यांपैकी बऱ्याच बाटल्यांत टिकवण्यासाठी रसायन असते. अंघोळीनंतर कान कोरडा करायचा. केसांचे तेल, शाम्पूचा फेस आणि मोबाइल त्या कानापासून लांब. झोपायला गळ्याभोवती घालतात ती प्रवासाची उशी, कान मधल्या पोकळीत येईल अशी. सततच्या दाबाने छिद्राचा कोन फिरतो आणि काडी तिरपी होते. नंतर तो सरळ करता येत नाही. पांढुरका-पिवळसर पातळ पाझर वाळून खपली होणे हे महिनोन्‌महिने चालते आणि ते बरे होण्याचाच भाग आहे. घट्ट हिरवट-पिवळा पू, वाढता ठणका, ताप, पसरती लाली किंवा कानाच्या घड्या पुसट होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवायचे, उद्यावर ढकलायचे नाही.

तीन महिने छान गेले. मग ती घाबरून आली. छिद्राच्या मागच्या तोंडाशी मोहरीएवढा लालसर गोळा. घरात "मांस वाढलंय" असा निकाल लागला होता, शेजारणीने चुना सुचवला होता, मैत्रिणीने ॲस्पिरिनचा लेप, आणि तिने स्वतः मोबाइलवर पाहून केलॉइड असे नाव देऊन टाकले होते.

केलॉइडची, म्हणजे व्रणाच्याच बेसुमार वाढीची, भीती निराधार नाही. आपल्या वर्णाच्या त्वचेत ते अधिक होते, कान ही त्याची आवडती जागा आहे, घराण्यात असेल तर शक्यता वाढते. पण त्याची चाल वेगळी असते. ते घट्ट असते, जखमेची हद्द ओलांडून पसरते, आपोआप मागे हटत नाही. नुसते कापून काढले तर बहुतेक वेळा परत येते, पुष्कळदा आधीपेक्षा मोठे. म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि इतर उपाय जोडावे लागतात. हा गोळा मऊ होता, ओलसर होता, काही दिवस फुगायचा आणि काही दिवस बसायचा. पहिल्या छेदाचा व्रण वर्षभर सपाट राहिला होता, हा तर तिच्या त्वचेचा सर्वात भरवशाचा साक्षीदार. घरात कुणाला केलॉइड नव्हते. हा घर्षणाचा गोळा होता. अशा गोळ्याला लावायचे काही नसते. घर्षण शोधायचे असते.

तेच शोधत बसलो. झोप ठीक, सलाईन ठीक. काडी मात्र अजून ती पहिलीच, लांब. सूज उतरल्यावर, साधारण दुसऱ्या महिन्यात, ती बदलून आखूड बसवून घ्यायची असते. परीक्षेमुळे पुण्याला जाणे राहून गेले होते. लांब काडी पुढे-मागे सरकते, अडकते. पण ती अडकत होती कशात? ती स्कूटीवरून रोज सांगलीला येते. धूळ आणि उन्हासाठी आपल्याकडच्या सगळ्या मुली बांधतात तसा डोके-तोंड झाकणारा स्कार्फ, त्यावर हेल्मेट. मी तिला समोर स्कार्फ बांधून सोडून दाखवायला सांगितले. सोडताना शेवटचा वेढा उजव्या कानावरून खाली ओढला जात होता आणि काडीचे टोक प्रत्येक वेळी त्यात गुंतत होते. जाता-येता, दिवसातून निदान चार वेळा.

पुण्यात काडी आखूड करून घेतली. स्कार्फ डावीकडून सुटेल असा बांधायला लागली, हेल्मेट चढवताना बाजूचे अस्तर हाताने कानापासून लांब धरायला शिकली. चुना, ॲस्पिरिन, टी ट्री तेल काहीही लावले नाही. दीड महिन्यात गोळा बसला. मध्ये एकदा त्याने पुन्हा डोके वर काढले, ते मैत्रिणीच्या लग्नात घट्ट अंबाडा बांधल्यावर, आणि आठवड्याभरात तो परत बसला.

वर्ष उलटल्यावर बुगडीचा प्रश्न आला. ती जशी होती तशी घालू नये असे माझे मत होते. दांडी जाड, आखूड, आणि 22 कॅरेट सोने इतके मऊ की वर्षानुवर्षांच्या ओरखड्यांत मळ बसतो. सराफाने मोती-खड्यांचे वरचे काम तसेच ठेवून मागे 18 कॅरेटची बारीक, थोडी लांब, नीट घासलेली दांडी जोडून दिली. कार्यापुरती चार-सहा तास घालायची, फिरकी सैल ठेवायची, घरी आल्यावर पुन्हा टायटॅनियम. छिद्र रिकामे रात्रभर सोडायचे नाही. कूर्चेतले छिद्र वर्षानंतरही आकसते, आणि आकसलेल्यात जोर करण्याचा परिणाम या घराने पाहिलेला आहे.

आता धाकट्या बहिणीला टोचायचे आहे. तिची दहावीची परीक्षा मार्चमध्ये, त्यामुळे घरच्यांचा विचार सुट्टी लागताच उरकून घेण्याचा होता. मी नको म्हटले. सुट्टीभर ती आजोळी कृष्णाकाठी असते आणि रोज पोहते. ताजी जखम नदीच्या पाण्यात बुडवणे मला मान्य नाही. अकरावी सुरू झाल्यावर, मोठीने दुसऱ्यांदा टोचून घेतले त्याच पुण्याच्या ठिकाणी, आणि पुढचे किमान सहा महिने घरात लग्न नाही याची खात्री करून, असे ठरले आहे.